जबड्याचा साचा

ज्या घरात दातांच्या डॉक्टरांची हत्यारं बनतात, तिथे अंडी खायला कमी आणि फोडायला जास्त लागतात. हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला काही केल्या पटत नसे. मास्तरांच्या बायकोने अंड्यांचा ट्रे उचलला की तो हटकून विचारायचा, "वहिनी, घरात पैलवान पाळलाय का हो?" त्या दिवशीही त्याने तेच विचारलं. त्याही नेहमीसारख्याच हसल्या आणि ट्रे सांभाळत घरी आल्या.

घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे कारखाना. कारखाना हा शब्दही जरा मोठाच. एक लांबट खोली, कोपऱ्यात भट्टी, खिडकीखाली मास्तरांचं टेबल, त्यावर कानशींची रांग आणि लहान हातोड्या, आणि पलीकडे पॉलिशवाल्याचं गरगरणारं चाक. एवढ्यावर मास्तरांनी तीस वर्षं नाव कमावलं होतं. त्यांच्या प्रत्येक हत्याराच्या मानेवर तीन बारीक ठिपके ठोकलेले असत. ते ठिपके दिसले की डॉक्टर लोक डोळे मिटून हत्यार हातात घेत.

त्यांची खासियत होती एकाच शस्त्रक्रियेची हत्यारं. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात एक पोकळी असते. तिला आतून एक पडदा असतो, अंड्याच्या कवचाला आतल्या बाजूने पापुद्रा असतो ना, अगदी तसा. दाढा पडल्या आणि जागा तशीच राहिली की खालचं हाड झिजत जातं, पोकळी खाली उतरते, आणि नवा दात रोवायला हाडच शिल्लक राहत नाही. मग डॉक्टर बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडतात, तो पडदा न फाडता हलकेच वर उचलतात आणि खालच्या जागेत हाडाचा चुरा भरतात. पडदा उचलणारं हत्यार दिसायला साधं. पेन्सिलीएवढी दांडी, वाकडी मान, टोकाला करंगळीच्या नखाहून लहान चमची. पण तिची कड जरा धारदार राहिली तर पडदा फाटतो आणि जरा बोथट झाली तर हाडावरून सुटतच नाही. म्हणून प्रत्येक हत्यार आधी अंड्यावर बघायचं. कवचाला खिडकी पाडायची, चमची आत सरकवायची, पापुद्रा अख्खा सुटला तर हत्यार डब्यात, फाटला तर चमची पुन्हा कानशीखाली.

आईंनी (मास्तरांच्या बायकोला आपण इथून पुढे आईच म्हणू) ट्रे टेबलावर ठेवला, तेव्हा पॉलिशवाला चाक थांबवून उभा होता.

"मास्तर, उद्या अर्धा दिवस सुट्टी पाहिजे होती."

"का रे?"

"पोरगी आलीय. तिला पोचवून येतो."

"परत आली?"

"आली," पॉलिशवाला हात पुसत म्हणाला. "नवऱ्याचा हात जरा सैल आहे. पण माणूस कमावता आहे. रुसवा धरून किती दिवस बसणार?"

"बरोबर करतोस," मास्तर हत्यारावरून नजर न काढता म्हणाले. "जास्त दिवस ठेवलीस की मग अवघड होतं. उद्या ये दुपारनंतर."

आई दारातच थांबल्या. "तिला विचारलंस का, जायचंय का म्हणून?"

पॉलिशवाल्याला खरंच हसू आलं. "विचारायचं काय त्यात वहिनी? जायचं तर आहेच."

आई दारातून आत वळल्या. त्यांना बोलायला तोंडच नव्हतं, आणि ते का, हे थोड्याच वेळात कळेल.

अकराच्या सुमाराला डॉक्टर स्वतः आले. मोठे सर्जन, पण हत्यारासाठी माणूस न पाठवता स्वतः यायचे. त्यांच्या हातात कागदी खोका होता. त्यातून त्यांनी प्लास्टरचा एक पांढराशुभ्र साचा काढला. कुणाचा तरी वरचा जबडा.

"मास्तर, नेहमीचा संच इथे चालणार नाही. या बाईंचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. उजवीकडच्या वरच्या दाढा गेल्यात, हाड मोडून वाकडंतिकडं जुळलंय. मला आत वळायलाच जागा नाही."

मास्तरांनी साचा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला.

"मान आखूड करावी लागेल. आणि वळण जरा आधी घ्यायला हवं. झालंय काय यांना?"

"जिन्यावरून पडल्या म्हणे. दोनेक वर्षं झाली. नवराच घेऊन आला होता. म्हणाला, गाल बसलाय, चारचौघांत बरं दिसत नाही."

"बायकांचं लक्ष नसतं चालताना," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी रिकामा खोका मिटला. त्यांनी बाईंना विचारलं होतं, खरंच पडलात का. पण विचारलं तेव्हा नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला होता, आणि बाईंनी मान हलवली होती, आणि बाहेर आणखी पेशंट होते. ते सगळं त्यांनी मनातच ठेवलं.

"एक मात्र गंमत आहे," ते जाता जाता म्हणाले. "तुमची शिफारस पेशंटनेच केली. नवरा फोन घ्यायला बाहेर गेला, तेवढ्यात त्यांनी ट्रेमधलं हत्यार उचललं, तुमचे तीन ठिपके बघितले आणि म्हणाल्या, माझं हत्यार यांच्याकडूनच करून घ्या. आणि साचा पाठवा त्यांना. साचा नक्की पाठवा, असं दोनदा म्हणाल्या."

मास्तरांचा चेहरा खुलला. आपलं नाव पेशंटपर्यंत पोचलं, याहून मोठं कौतुक कारागिराला कुठलं? "बघितलंस?" ते पॉलिशवाल्याला म्हणाले. "लोक ठिपके ओळखतात."

त्यांनी साचा टेबलावर ठेवला. ठेवताना मोडक्या बाजूकडे जायला हात मोकळा राहावा म्हणून मागची बाजू स्वतःकडे आणि पुढचे दात भिंतीकडे केले.

मास्तरांना एकच मुलगी. ती लहानपणी भट्टीपाशी नाहीतर सहाणेच्या चाकापाशी बसलेली असायची आणि ठिणग्या उडाल्या की टाळ्या पिटायची. म्हणून तिचं नावच पडलं ठिणगी. शाळेतून आली की दप्तर फेकून अंड्यांच्या टेबलावर. तिचा हात असा हलका की मास्तरांनी जिथे पापुद्रा फाडला असता, तिथे ती हसतखेळत तो अख्खा सोडवायची. अंड्याशी बोलायची सुद्धा. "ये बाळा, ये, घाबरू नको, कुणी काही करत नाही," असं म्हणत चमची सरकवायची आणि पॉलिशवाला चाक बंद करून ऐकत बसायचा. हत्यारं बांधायचा दोरा कात्री शोधायच्या आळसाने दाताने तोडायची. एकदा दोऱ्याऐवजी तार चावली आणि पुढच्या दाताच्या कोपऱ्याचा टवका उडाला. आईंनी कपाळाला हात लावला. मास्तर मात्र म्हणाले, "असू दे. कारागिराच्या घरची खूण आहे."

पुढे तिचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं, म्हणजे आपण ज्याला चांगलं म्हणतो तसं. विजेच्या सामानाचं दुकान, दुमजली घर, जावई बोलायला गोड. अंड्यांचं टेबल रिकामं झालं आणि कारखान्यात अंडी जास्त लागायला लागली.

वर्षभरात ठिणगी एक दिवस हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, मला तिथे राहायचं नाही."

"झालं काय?"

तिने पॉलिशवाल्याकडे बघितलं, दारात हत्यारं न्यायला आलेल्या माणसाकडे बघितलं, आणि मान खाली घातली. मास्तरांनी तेवढ्यावरून काही विशेष नसावं असं ठरवून टाकलं. "संसारात थोडं इकडेतिकडे व्हायचंच. जुळवून घ्यायला शिक," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिला सोडून आले. जावयांनी त्यांना चहा पाजला.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली. गालाभोवती ओढणी गुंडाळलेली. दाढा किडल्या होत्या, काढाव्या लागल्या, म्हणाली. दातांच्या हत्यारांवर जन्म काढलेल्या माणसाने पोरीला एकदा तोंड उघडायला सांगू नये? मास्तरांनी सांगितलं नाही. विश्वास ठेवणं सोयीचं होतं. स्वयंपाकघरात आईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "खरं सांग मला." ती आईंकडे बघत म्हणाली, "सांगून काय करणार आहेस आई?" दुसऱ्या दिवशी मास्तर तिला पुन्हा सोडायला निघाले, तेव्हा आई दारापर्यंत आल्या. पिशवी त्यांनीच भरून दिली.

तिसऱ्यांदा ती आली नाही. फोनवर मात्र बोलायची. "कशी आहेस?" "ठीक आहे." "जेवतेस ना?" "हो." पलीकडे कुणीतरी उभं असल्यासारखा तिचा आवाज एका पट्टीत असायचा. शब्द अर्धवट मिटलेल्या ओठांतून आल्यासारखे वाटायचे. आई मास्तरांना म्हणायच्या, "पोर पहिल्यासारखी बोलत नाही हो." मास्तर म्हणायचे, "मोठी झाली. आता काय किलबिलाट करणार?"

वाचक म्हणतील, बाप दगडाचा होता. नव्हता. लेकीच्या आवडीचे पेरू झाडाला लागले की पहिला पेरू तिच्यासाठी बाजूला ठेवणारा बाप होता, ती यायची नाही हे माहीत असून. असे प्रेमळ बाप घरोघरी आहेत, आणि दुःख त्याचंच आहे.

त्या हत्यारावर मास्तर आठवडाभर बसले. दुसरं काम हातात घेतलं नाही. पोलादाची कांडी भट्टीत लाल करायची, मान ठोकून बारीक करायची, साच्याच्या रिकाम्या जागेत धरून वळण बघायचं, पुन्हा तापवायची. मान एकदा जास्त आखूड झाली, ती कांडी फेकून नवी घेतली. तापलेली चमची पाण्यात बुडवून कडक करायच्या वेळी त्यांनी पॉलिशवाल्याला चाक बंद करायला लावलं, कारण पोलाद विझतानाचा आवाज त्यांना ऐकायचा असे. दिवसातून शंभरदा त्यांची बोटं त्या प्लास्टरच्या हिरडीवरून फिरली. कुठे हाड खचलंय, कुठे उंचवटा आलाय, त्यांना पाठ झालं. "कुणी का असेना बिचारी," ते एकदा जेवताना म्हणाले, "फार सोसलंय या तोंडाने." आणि त्यांनी पोळीचा पुढचा घास घेतला.

शेवटी अंड्याची वेळ आली. खिडकी पाडली, चमची आत गेली, आणि पापुद्रा असा सुटत आला की मास्तरांनी अंडं उजेडात धरून पुन्हा बघितलं. कुठे चीर नाही, कुठे सुरकुती नाही. "ठिणगीच्या हातासारखं झालं बघ," ते म्हणाले. पॉलिशवाल्याने मान डोलावली. तीस वर्षांत त्यांच्या हातून इतकं सुरेख हत्यार उतरलं नव्हतं.

दुपारी आई टेबल पुसायला आल्या. मास्तर हत्यार मऊ कापडात गुंडाळत होते. आईंनी धुळीचं फडकं फिरवलं, साचा उचलला, खालची धूळ पुसली आणि साचा परत ठेवताना सहज फिरवला. पुढचे दात त्यांच्याकडे आले.

फडकं त्यांच्या हातातून पडलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "हा साचा कुणाचा आहे?"

"डॉक्टरांच्या पेशंटचा. मी सांगितलं होतं ना, जिन्यावरून पडलेली बाई."

"हे आपल्या ठिणगीचं तोंड आहे."

"काहीतरीच काय. प्लास्टरची सगळी तोंडं सारखीच दिसतात."

"हा टवका बघा. हा बघा. आणि हा सुळा, दुसऱ्या दातावर चढलेला. मी हिचे दात येताना बघितलेत, पडताना बघितलेत, मला सांगताय तुम्ही?"

मास्तरांनी चष्मा पुसला. साचा हातात घेतला. आठवडाभर त्यांच्या वीतभर अंतरावर त्यांच्या लेकीचं तोंड होतं आणि त्यांनी फक्त खड्डा बघितला होता, कारण काम खड्ड्याचं होतं. आता त्यांनी पहिल्यांदा पुढचे दात बघितले. कोपऱ्याचा टवका अंगठ्याला लागला.

"साचा नक्की पाठवा म्हणाली," आई म्हणाल्या. "दोनदा म्हणाली. तिला बोलता येत नव्हतं म्हणून तिने तोंड पाठवलं आपल्याकडे. आणि तुम्ही ते भिंतीकडे करून ठेवलंत."

पॉलिशवाल्याने चाक बंद केलं.

"चला," आई म्हणाल्या. पायात चपला घालायचंही भान त्यांना नव्हतं. "आत्ता चला. घेऊन येऊ तिला."

आणि इथे मास्तर चुकले. अशी चूक फक्त आपल्यासारखी भली माणसंच करतात.

"थांब जरा," ते म्हणाले. "न कळवता जावयाच्या दारात जाऊन उभं राहायचं? मुलीकडचे आपण. रीत आहे का ती? आधी जावईबापूंच्या कानावर घालतो."

"फोन करू नका. तुमच्या पाया पडते, फोन करू नका."

"अगं, खरं काय ते तरी कळू दे. उगाच तमाशा नको. खरंच पडली असेल तर आपलंच हसं व्हायचं."

त्यांनी फोन लावला. आई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

"जावईबापू, नमस्कार. हो, सगळे बरे. एक विचारायचं होतं. आमच्या मुलीच्या जबड्याचा साचा आमच्याकडे आलाय… हो, हत्यारासाठी… नाही नाही, डॉक्टरांनी नाव सांगितलं नाही. तिनेच त्यांना सांगितलं म्हणे, हत्यार बाबांकडून करून घ्या आणि साचा पाठवा… आम्हाला जरा काळजी वाटली, इतकंच."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग जावयांचा गोड आवाज आला. "अहो बाबा, पडली होती ती. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून कळवलं नाही. असं करा, उद्या सकाळी दोघेही या. निवांत बोलू."

"बघ," मास्तर फोन ठेवत म्हणाले. "किती नीट बोलले. उद्या जाऊन येऊ."

त्यांच्या जिवाला बरं वाटलं होतं. आई मात्र साचा मांडीवर घेऊन तिथेच खाली बसल्या आणि उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या रस्त्यावर वळले तेव्हा दुमजली घरापुढे माणसं उभी होती. घोळक्याने, हलक्या आवाजात बोलत, पायांकडे बघत. अशी माणसं कधी उभी राहतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आईंचा हात मास्तरांच्या हातातून सुटला आणि त्या पळत सुटल्या.

ठिणगीला खालच्या खोलीत चादरीवर ठेवलं होतं. जिना तिथूनच वर जात होता, साध्या सिमेंटच्या पायऱ्यांचा.

"पाय घसरला हो," विहीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. "काल रात्री. तुम्हाला कळवणारच होतो, पण म्हटलं सकाळी येणारच आहात."

जावई कोपऱ्यात डोकं धरून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला रुमाल बांधलेला होता.

आई लेकीजवळ बसल्या. त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, गालावर हात ठेवला, बसलेल्या त्या गालावर. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि टवका उडालेला दात दिसत होता. आई रडल्या नाहीत. "ये बाळा," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "ये बाळा, ये, घाबरू नको."

शेजारचे एक वयस्कर गृहस्थ मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्हायचं ते झालं. नशिबापुढे कुणाचं चालतं? आता तिच्या माघारी बोभाटा करू नका. तिचीच अब्रू जाईल."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. भिंतीपलीकडे राहणारे हे लोक. इतकी वर्षं त्यांनी काय काय ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी रेडिओ मोठा केला असेल. मास्तरांच्या पिशवीत मऊ कापडात गुंडाळलेलं ते हत्यार होतं, आणि साचा होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि पुढचे दात लोकांकडे करून धरला.

"हे माझ्या मुलीचं तोंड आहे," ते म्हणाले. "हे हाड मोडलेलं आहे. ते मोडल्यावर ती माझ्या दारात आली होती. त्याच्या आधीही एकदा आली होती. दोन्ही वेळा मी स्वतः तिला या घरात आणून सोडली. तिने मला हे पाठवलं, तर काल मी जावयांनाच फोन करून सांगितलं, की तिने पाठवलंय. ती पडलेली नाही. पोलिसांना बोलवा. आणि त्यांना सांगा, यांच्यानंतर माझंही नाव लिहा."

पुढचं सगळं कोर्टात चाललं आहे. जावयांचे वकील जिन्याबद्दल बोलतात. डॉक्टरांनी आपणहून येऊन जुन्या मोडलेल्या हाडांचे फोटो दिले, आणि खाली मान घालून सांगितलं की मी विचारलं होतं, पण नवऱ्यासमोर विचारलं. शेजाऱ्यांपैकी एकच बाई बोलायला तयार झाली. बाकीच्यांना आठवत नाही. निकाल काय लागेल ते लागो. पण त्या पोरीच्या मरणात किती भल्या माणसांचा हात लागला, याचा निवाडा कुठल्या कोर्टात होणार? मारणारा एकच होता. परत पाठवणारे, पिशवी भरून देणारे, रेडिओ मोठा करणारे, जास्त न विचारणारे आपण सगळे. "जुळवून घे" हे दोन शब्द आपण मुलींना किती मायेने सांगतो. ज्याचा हात उठतो, त्याला ते कोण सांगतं?

ते हत्यार डॉक्टरांनी मागितलं नाही आणि मास्तरांनीही दिलं नाही. ते डब्यात आहे. कारखाना काही दिवस बंद होता. मग एका सकाळी मास्तरांनी भट्टी पेटवली, कारण दुसरं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. साचा पुन्हा टेबलावर होता. पुढचे दात आता त्यांच्याकडे होते.

पॉलिशवाला आला. चाकाचा पट्टा उगाच चाचपत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, कसं सांगू… पोरगी परत आलीय."

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली.

"उद्या अर्धा दिवस…"

"सुट्टी नाही."

"मग संध्याकाळी काम संपवून पोचवतो."

"संध्याकाळीही नाही. परवाही नाही." मास्तर उठून त्याच्यापाशी गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "तुला मी म्हणालो होतो ना, बरोबर करतोस? चुकीचं बोललो होतो. मी चुकलो रे. तू चुकू नको."

"लोक काय म्हणतील मास्तर? कायमची घरात ठेवली तर?"

"म्हणतील. मला आता सगळे म्हणतात, वाईट झालं. ते ऐकायचंय तुला?"

पॉलिशवाला खाली बसला. आपली काळी पडलेली बोटं त्याने फडक्याला पुसली. मग उठून, चाक न लावताच, घराकडे निघून गेला.

तासाभराने तो परतला तेव्हा मागे त्याची मुलगी होती. विशीतली, अंग चोरून चालणारी. दंडावर निळे वळ होते, ते झाकायला तिने बाही ओढून धरली होती. आपल्याला कुठे आणलंय हे तिला कळत नव्हतं. परत नवऱ्याकडे नेणार असतील, अशा हिशेबाने तिने हातातली पिशवी खाली ठेवलीच नव्हती.

आई आतून आल्या. त्यांनी आधी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. मग तिला खिडकीपाशी, अंड्यांच्या टेबलापुढच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. तिच्या हनुवटीखाली हात धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"आ कर बाळ."

मुलीने घाबरत वडिलांकडे बघितलं.

"कर. मोठा आ कर."

तिने तोंड उघडलं. आई वाकून बघत राहिल्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे, वरच्या रांगेवर शेवटच्या दाढेपर्यंत.

"सगळे आहेत," त्या मास्तरांना म्हणाल्या. "हिचे अजून सगळे आहेत हो."

आणि मग त्या परक्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून आई पहिल्यांदा रडल्या.